प्लॅन पास होण्याआधीचं करिअर

नाशिकच्या बिल्डरला पर्यावरण पटायला वेळ लागतो, सात टक्के मात्र लगेच पटतात. डिसेंबर २०२० मध्ये आलेल्या राज्याच्या एकत्रित नियमावलीत, म्हणजे यूडीसीपीआरमध्ये, ग्रीन बिल्डिंगसाठी जादा एफएसआय ठेवलाय. ग्रीन बिल्डिंगच्या मानांकनात ग्रिहाचे तीन तारे किंवा आयजीबीसीचं सिल्व्हर असेल तर मूळ एफएसआयच्या तीन टक्के, चार तारे किंवा गोल्डला पाच, पाच तारे किंवा प्लॅटिनमला सात. गावठाणाबाहेरचा हजार चौरस मीटरचा प्लॉट धरा. मूळ एफएसआय १.१, म्हणजे अकराशे चौरस मीटर. त्याचे सात टक्के ७७ चौरस मीटर, जवळजवळ ८३० चौरस फूट. गंगापूर रोडला एवढ्यात एक टू बीएचके निघतो.

पेच पुढे आहे. हा जादा एफएसआय पूर्व-प्रमाणपत्रावर मिळतो, म्हणजे जागेवर एक वीटही चढलेली नसताना. आणि कबूल केलेलं मानांकन शेवटी हातात पडलं नाही, तर जमिनीच्या सरकारी दराला बांधलेला जबर दंड. मग प्लॅन मंजुरीला जायच्या आधी, कॉम्प्युटरवरच्या नुसत्या ठोकळ्याकडे बघून ‘साहेब, गोल्ड नक्की होतंय, प्लॅटिनमचा शब्द देऊ नका’ असं छातीठोक कोण सांगणार? हे सांगू शकणाऱ्या माणसाची ही वाट आहे. आज तो बारावीत असेल किंवा डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला.

त्याला दोन गोष्टी याव्या लागतात. पहिली बिम, म्हणजे बिल्डिंग इन्फर्मेशन मॉडेलिंग. ऑटोकॅडमध्ये काढलेली खिडकी म्हणजे चार रेषा. रेव्हिट किंवा आर्किकॅडमध्ये त्याच खिडकीला माप असतं, दिशा असते, काच कुठली आणि ती किती ऊन आत सोडते हेही नोंदवता येतं. पश्चिमेच्या खिडक्या अर्ध्या फुटाने लहान केल्या की क्षेत्रफळांचे सगळे तक्ते आपोआप बदलतात. दुसरी गोष्ट मानांकनाची भाषा. निवासी इमारतीच्या भिंती-खिडक्यांतून किती उष्णता आत यावी, याची कमाल मर्यादा केंद्राच्या इको-निवास संहितेने २०१८ मध्ये घालून दिली : थंड हवामानाचा पट्टा सोडून बाकी देशाला चौरस मीटरमागे १५ वॅट. हा हिशेब करायला भिंतींचं क्षेत्रफळ, खिडक्यांचं क्षेत्रफळ, त्यांच्या दिशा आणि काचेचे गुण लागतात, आणि हे सगळं मॉडेलमध्ये आधीच बसलेलं असतं. फक्त ते विचारणारा हवा, आणि वेळेवर विचारणारा हवा. आरसीसीची ड्रॉइंग निघाल्यावर इमारत फिरवता येत नाही.

नाशिक जवळजवळ बरोबर विसाव्या अक्षांशावर आहे, त्यामुळे इथलं उन्हाचं गणित हाताने करण्याइतकं सोपं आहे. दक्षिणेला चार फूट उंच खिडकी आणि तिच्या डोक्यावर दोन फुटी छज्जा घ्या. मार्चच्या विषुवदिनी दुपारी सूर्य ७० अंशांवर असतो. छज्ज्याची सावली साडेपाच फूट खाली उतरते आणि पूर्ण खिडकी झाकते. २१ डिसेंबरला तोच सूर्य साडेशेहेचाळीस अंशांवर असतो. सावली दोन फुटांवर थांबते आणि खिडकीच्या खालच्या अर्ध्या भागातून ऊन घरात येतं. निफाडकडून येणारी थंडी ज्याने अंगावर घेतलीय त्याला या उन्हाची किंमत सांगायला नको. आता हीच खिडकी, हाच छज्जा पश्चिमेला लावा. मे महिन्यात संध्याकाळी पाचला सूर्य जेमतेम २७ अंशांवर असतो. छज्जा फूटभर सावली देतो, उरलेली तीन फूट काच भाजत राहते. तिथे छज्जा वाढवून फायदा नाही, उभ्या पट्ट्या हव्यात, जाळी हवी, नाहीतर खिडकीच लहान हवी. आणि नेमकं पश्चिमेलाच गंगापूर धरण! सोमेश्वरच्या पुढच्या प्रत्येक प्रकल्पाला धरणाचा ‘व्ह्यू’ विकायचा असतो, तोही जमिनीपासून छतापर्यंतच्या काचेतून. माझ्या मते या कामातली खरी हुशारी इथे लागते. क्लायंटला व्ह्यू नको म्हणता येत नाही. ठोकळा पंधरा अंश फिरवला तर काय होतं, बाल्कनी खोल केली तर काय होतं, काच बदलली तर खर्च किती वाढतो, असे तीन-चार पर्याय आकड्यांसकट मांडावे लागतात. मॉडेल हाताशी असेल तर हे काम दोन-तीन दिवसांचं, नसेल तर कुणी करतच नाही.

सॉफ्टवेअर सगळं सांगतं असं मात्र नाही. ऊर्जेच्या हिशेबाला हवामानाची फाईल मुंबईची लावली, तर निकाल मुंबईच्या घामाचा येईल. तो बघून दचकणारा माणूस लागतो. शिवाय मानांकनातले बरेच गुण, साईटवरच्या कचऱ्याचे किंवा कामगारांच्या सोयींचे, मॉडेलमध्ये नसतातच. त्यासाठी बूट घालून साईटवर जावं लागतं.

राज्यातलं मोठं उदाहरण नागपूरचं. महामेट्रोने नागपूर मेट्रोचं काम ‘फाइव्ह-डी बिम’वर चालवलं, म्हणजे त्रिमितीय मॉडेलला वेळापत्रक आणि खर्च जोडला, आणि त्याच मेट्रोच्या स्थानकांनी आयजीबीसीचं प्लॅटिनमही मिळवलं. नाशिकची मेट्रो निओही महामेट्रोनेच आखली. २०२१ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात तिच्यासाठी २,०९२ कोटी रुपये जाहीर झाले, पण गाडी अजून रुळावर आलेली नाही (रबरी चाकांची असल्याने रुळांचा प्रश्न तसाही नव्हता). पालकांनी म्हणूनच घोषणांवर मुलांचं करिअर बेतू नये, मेट्रोच्याही नाही आणि २०२७ च्या सिंहस्थाच्याही नाही. भरवशाचं काम नियमातून येतं : यूडीसीपीआरने सरकारी, निमसरकारी आणि स्थानिक स्वराज्य संस्थांच्या इमारतींना किमान तीन तारे बंधनकारक केले आहेत. दुसरा ओघ परदेशातून येतो. ब्रिटनने २०१६ पासून सरकारी बांधकामांना बिम सक्तीचं केलं, आणि तिकडच्या मॉडेलांचं काम करणारी कार्यालयं पुण्या-मुंबईत आहेत.

नाशिकमध्ये नोकरी मिळेल का? मिळेल, पण बिम आणि मानांकन ही दोन्ही कामं एकत्र मागणाऱ्या जागा थोड्या. इथली बरीच लहान कार्यालयं आजही ऑटोकॅडवर चालतात, आणि सुरुवातीचा पगार बघून घरचे ‘कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच बरं होतं’ म्हणतील. पहिली तीन-चार वर्षं पुण्याला काढायची तयारी ठेवावी.

शिक्षणाची वाट नेहमीचीच आहे, तिला पळवाट नाही. आर्किटेक्चरला जायचं तर नाटा किंवा जेईई मेनचा दुसरा पेपर, मग पाच वर्षं. नाशिकमध्ये मविप्रचं आर्किटेक्चर कॉलेज आहे, विद्यावर्धनचं आयडिया आहे. कुठेही प्रवेश घेताना कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरची मान्यता त्यांच्या यादीत स्वतः बघावी. सिव्हिलला जायचं तर सीईटी देऊन के. के. वाघसारखं कॉलेज, किंवा दहावीनंतर शासकीय तंत्रनिकेतनातून डिप्लोमा आणि पुढे थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश. आयटीआयचा आरेखक स्थापत्य हा ट्रेडही कमी लेखू नका, चांगला मॉडेलर तिथूनही घडतो. मेकॅनिकलच्या मुलांना एसी आणि वायुवीजनाच्या बाजूने याच कामात शिरता येतं. आयजीबीसीची एपी किंवा ग्रिहाची सीपी ही परीक्षा शेवटच्या वर्षात द्यावी. पदवीशिवाय त्या कागदाला फारसं वजन नाही.

क्लासवाल्यांबद्दल थोडं कडक बोलतो. ‘तीन महिन्यांत बिम एक्स्पर्ट, शंभर टक्के प्लेसमेंट’ अशी पाटी दिसली की आत जाऊन दोनच प्रश्न विचारा : शिकवणाऱ्याने स्वतः मॉडेल केलेली कुठली इमारत उभी आहे, आणि मुलं शेवटी कुठला प्रकल्प करतात? जगात कुठेही नसलेला नमुना बंगला करत असतील तर पैसे वाचवा. रेव्हिटचा शैक्षणिक परवाना विद्यार्थ्यांना मोफत मिळतो, ऊर्जेचा हिशेब करणारं एनर्जीप्लस तर सगळ्यांनाच मोफत आहे. मुलाला आपल्याच सोसायटीचं मॉडेल करायला लावा. टेपने खिडक्या मोजायच्या, मेमध्ये पाच वाजता भिंतीवर पडलेली सावली खडूने आखायची आणि मॉडेलमधली सावली तिच्याशी जुळते का ते बघायचं. जुळली नाही तर बहुतेक वेळा उत्तर दिशा चुकीची धरलेली असते. मुलाखतीला हे दाखवलं तर क्लासच्या सर्टिफिकेटपेक्षा जास्त बोलणं होतं.

राहिला लॅपटॉप, कारण पालकांचा तो प्रश्न ठरलेला. विंडोजचाच घ्या, रेव्हिट मॅकवर थेट चालत नाही. १६ जीबी रॅम आणि स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड एवढं किमान, आणि रॅम पुढे वाढवता येईल असं मॉडेल निवडा. पहिल्या वर्षी घाई नको, तेव्हा हाताने ड्रॉइंगच काढायची असतात.