चिलीम, गोळी आणि मधले आठवडे

नैराश्य व चिंता यांवर गांजा हा औषधांना पर्याय ठरू शकतो काय, या प्रश्नाचे उत्तर दोहोंचा परिणाम जाणवण्यास लागणाऱ्या वेळेपाशी शोधावे लागते, असे प्रस्तुत लेखकाचे अनुभवान्ती झालेले मत आहे. गांजातील टीएचसी हे द्रव्य धुरावाटे काही मिनिटांत मेंदूपर्यंत पोहोचते आणि मनाचा घोर तेवढ्यापुरता हलका करते. याउलट एस्सिटालोप्राम, सेर्ट्रालीन यांसारख्या नैराश्यविरोधी गोळ्या, ज्या मेंदूच्या पेशींमध्ये निरोप वाहणाऱ्या सेरोटोनिन या द्रव्याची उपलब्धता वाढवितात, त्यांचा गुण येण्यास दोन ते सहा आठवडे लागतात, आणि आरंभी पदरी पडते ती मळमळ, अस्वस्थता व झोपमोड.

नेमक्या याच दिवसांत गोळ्यांची अर्धी पट्टी फळीवर पडून राहते आणि हात चिलमीकडे जातो. प्रस्तुत लेखकाच्या बाबतीत रात्री झोप लगेच लागे, परंतु पहाटे जाग येताच छातीत धडधड सुरू होई, शेजारी आपल्याविषयीच बोलत आहेत असा संशय बळावे, आणि कालचा गांजा आज पुरेनासा होई.

कापूस-सोयाबीनच्या कर्जाने खचलेल्या वर्धा जिल्ह्यात नैराश्याला बहुधा 'टेन्शन' म्हणून बाजूला सारले जाते, आणि महाशिवरात्रीला भांग चालते तर गांजाने काय बिघडते, असा युक्तिवाद केला जातो. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याने गांजाच्या व्याख्येतून, भांग ज्यांपासून बनते ती नुसती पाने वगळली आहेत, हे खरे. तथापि कायद्यातील सवलत म्हणजे औषधी गुणाचा दाखला नव्हे. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, ५२२ चाचण्यांच्या एकत्रित अभ्यासात २१ नैराश्यविरोधी औषधे निष्क्रिय गोळीपेक्षा सरस ठरली, जरी हा फरक सरासरीने माफकच होता. गांजातील द्रव्यांच्या बाजूने नैराश्यासाठी असा भक्कम पुरावा नाही, आणि कोवळ्या वयातील सेवनाचा पुढील नैराश्याशी व आत्महत्येच्या विचारांशी संबंध आढळला आहे.

म्हणून गोळी मनाने बंद करू नये. पंचविशीच्या आतील रुग्णाकडे पहिले काही आठवडे घरच्यांनी विशेष लक्ष ठेवावे. आणि गांजा घेत असल्यास ते डॉक्टरांना निःसंकोच सांगावे, कारण रुग्णाची माहिती गुप्त राखणे मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ नुसार त्यांच्यावर बंधनकारक आहे. सेवाग्राम व सावंगी (मेघे) येथील वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत मानसोपचार विभाग आहेत, आणि 'टेली मानस' या मानसिक आरोग्यविषयक दूरध्वनी साहाय्यसेवेचा १४४१६ हा क्रमांक अहोरात्र विनामूल्य उपलब्ध आहे.