सकाळचे ७, संध्याकाळचे ५, एकूण ७५

"सर, जावाचा क्लास लावू की पायथनचा?" बारावीचा निकाल लागला की पालक हा प्रश्न घेऊन येतात. मुलगा शेजारी मोबाइलमध्ये मान घालून बसलेला. मी त्यालाच विचारतो, "तुला कॉम्प्युटरकडून काय करून घ्यायचंय?" उत्तर बहुतेकदा वडीलच देतात, "चांगलं पॅकेज मिळालं पाहिजे."

मिळो. पण पॅकेजकडे डोळे लावून कुणाला लूप शिकता आलेला मी पाहिला नाही. त्यासाठी हातात काम लागतं.

एका मुलाच्या घरी दूध संकलन केंद्र होतं. दर दहा दिवसांनी बिलं काढायची रात्र यायची: आई वहीतले लिटर आणि फॅट वाचणार, हा कॅल्क्युलेटर बडवणार. म्हटलं, हेच करू. पहिला प्रोग्रॅम चार ओळींचा. सकाळचं दूध विचार, संध्याकाळचं विचार, बेरीज कर, छाप. त्याने ७ टाकले, मग ५. पडद्यावर आले ७५. गाय की कामधेनू!

झालं एवढंच, की पायथनमध्ये 'इनपुट'ने घेतलेला आकडा आधी मजकूर म्हणूनच येतो, आणि मजकुराची बेरीज म्हणजे एकापुढे एक चिकटवणं. त्याचं 'फ्लोट', म्हणजे दशांश संख्या केली, १२.० आले. डेटा टाइपची व्याख्या त्याने पाठ केली नाही, पण ते ७५ लिटर तो विसरायचा नाही. पुढे फॅटप्रमाणे दर बदलतो म्हणून 'इफ' आला, दहा दिवसांचे आकडे ठेवायचे म्हणून लिस्ट, गावभरचे उत्पादक म्हणून लूप.

आम्ही कॉलेजात मात्र टर्बो सीच्या निळ्या पडद्यावर फिबोनाचीची मालिका छापली. कशासाठी, हे सेमिस्टर संपलं तरी कळलं नाही. यात सी भाषेचा दोष नाही. डेनिस रिचीने १९७२च्या सुमारास ती युनिक्सच्या कामासाठीच घडवली होती. काम गळून पडलं आणि आमच्या अभ्यासक्रमात नुसती भाषा उरली.

अर्थात गरजेपुरतं शिकण्यात एक खोट आहे. दुधाचे दर बदलले तेव्हा या मुलाला तोच आकडा अकरा ठिकाणी बदलावा लागला. मग पंधरा दिवस दूध बंद, फक्त फंक्शन, म्हणजे हिशोब एकदाच लिहून हवा तिथे वापरणं. तो कुरकुरला. अशा वेळी पालकांनी "पण याचा उपयोग काय?" विचारू नये, ही विनंती.

पायथन फुकट मिळतं. आयआयटी मुंबईच्या 'स्पोकन ट्युटोरियल'चे धडेही फुकट आहेत, काही मराठीतही. वर्षाची फी भरण्याआधी महिनाभर घरचंच एखादं काम द्या: सोसायटीचा मेंटेनन्स, दुकानाची उधारी. एआय कोड लिहून देतंच की, असं मुलगा म्हणेल. देऊ दे. पण ७५ लिटर पाहून कुणाला तरी शंका यायला हवी ना?

त्या दूध केंद्राच्या घरी आई अजून वही ठेवते. पहिल्याच बिलात वही आणि प्रोग्रॅममध्ये तीन पैशांचा फरक आला. वहीत रोजची रक्कम पूर्ण पैशांत करून मग बेरीज व्हायची, प्रोग्रॅम मात्र दहा दिवसांच्या शेवटी एकदाच पूर्ण पैशांत करत होता. उत्पादकांना वहीचा हिशोब ठाऊक होता. मुलाने प्रोग्रॅम बदलला.