मोठा बास, तोकडा दम

न्यू इंग्लंडच्या किनाऱ्यावर नोकरीनिमित्त आलेली आपली तरुण मंडळी, त्यातही ज्यांच्या घरी मासा रोजच्या ताटात असायचा अशी, एक-दोन उन्हाळ्यांत स्ट्राइप्ड बास या माशाच्या नादी लागतात. मग मला विचारणा होते : ताई, काठी घेऊ की स्पिअरगन? मी दोन्ही वर्षानुवर्षं केलं आहे. ऱ्होड आयलंडच्या खडपांवर उभं राहून गळ टाकला आहे आणि त्याच खडपांखाली दम धरून बुड्याही मारल्या आहेत. माझं उत्तर ठरलेलं आहे. मोठ्या बाससाठी काठी घ्या. स्पिअरगन घ्यायचीच असेल तर ती दुसऱ्या माशांसाठी, आणि तीही दमाचं रीतसर शिक्षण घेतल्यानंतर. नुसत्या 'नको'ने कोणी थांबत नाही, म्हणून कारणं सांगते.

आधी हे मान्य करते की पाण्याखालच्या शिकारीसारखा अनुभव काठीत नाही. वेंगुर्ल्याला आजोबांच्या शेजारी बसून गरी टाकत मी वाढले. तिथे मासा म्हणजे दोरीला बसणारा झटका. इथे श्वास रोखून केल्प या समुद्री शेवाळाच्या पानांत निपचित पडलं की हिरव्या, धूसर पाण्यातून अंगावर सात-आठ काळ्या रेघा ओढलेला चंदेरी मासा स्वतःहून बघायला येतो. तो कुतूहलाने जवळ सरकतो, वळतो आणि क्षणभर त्याची पूर्ण बाजू समोर येते. स्पिअरगनवाले म्हणतात की आम्ही निवडून मारतो, नको तो मासा गळाला लागत नाही, आमिष वाया जात नाही. यात तथ्य आहे. लाटा जिथे फुटतात तिथल्या पांढऱ्या फेसाखाली, तीन ते आठ मीटर खोलीवर बास फिरतो, म्हणजे फार खोल जावंही लागत नाही. पण याच उथळपणाने लोक फसतात.

2020 च्या आधीची गोष्ट सांगते. तेव्हा इथल्या किनाऱ्यालगतच्या समुद्रात 28 इंचांपुढचा कितीही मोठा बास, दिवसाला एक, ठेवता येत असे. माझा बुडीतला साथीदार माझ्याहून तरबेज होता, दम मोठा आणि डोकं शांत. त्या दिवशी त्याने खरोखर मोठा मासा मारला. भाला बसला, पण मणक्यात नाही. मासा दोन मोठ्या दगडांच्या फटीत घुसला आणि दोरी केल्पमध्ये गुंतली. तो वर आला, दोन-चार श्वास घेतले आणि पुन्हा खाली गेला. पुन्हा वर, पुन्हा खाली. तिसऱ्या खेपेला मासा फटीतून निघाला. तो वर आला, तोंडातून स्नॉर्केल काढलं, माझ्याकडे बघून हाताने 'ठीक आहे'ची खूण केली, श्वासही घेतला. आणि मग त्याची नजर कुठेच नव्हती. हनुवटी छातीवर आली आणि तो खाली जायला लागला.

एक खाली तर दुसरा वर, आणि खालचा वर आल्यावरही पुढची तीस सेकंदं त्याच्या चेहऱ्यावरून नजर हलवायची नाही, असा आमचा नियम होता. म्हणून मी हाताच्या अंतरावर होते. त्याचा वजनाचा पट्टा सोडला, तोंड पाण्याबाहेर धरलं, मास्क काढला, गालांवर फुंकर घातली, चापट्या मारल्या, नावाने हाका मारल्या. काही क्षणांत त्याने घरघरत श्वास घेतला. आपण बेशुद्ध पडलो होतो यावर त्याचा विश्वास बसेना. मी त्या वेळी मासा तराफ्यावर चढवायला वळले असते तर तो गेला असता. पाणी फक्त पाच-सहा मीटर खोल होतं.

असं का होतं, हे प्रत्येकाने समजून घेतलं पाहिजे. श्वास घ्यावासा वाटतो तो मुख्यतः रक्तात साठणाऱ्या कार्बन डायऑक्साइडमुळे, ऑक्सिजन संपल्यामुळे नव्हे. बुडीआधी भराभर खोल श्वास घेतले की ऑक्सिजन फारसा वाढत नाही, कार्बन डायऑक्साइड मात्र उतरतो. म्हणजे धोक्याची घंटाच बंद होते. दुसरी गोष्ट दाबाची. दहा मीटरवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट असतो. फुप्फुसं दबलेली असतात, त्यामुळे उरलेला थोडासा ऑक्सिजनही रक्तात ढकलला जातो आणि खाली असताना माणसाला बरं वाटतं. वर येताना दाब उतरतो, तसा ऑक्सिजनचा जोरही उतरतो. म्हणून बेशुद्धी बहुतेक वेळा शेवटच्या काही मीटरमध्ये किंवा वर आल्यावर, पहिल्या श्वासाच्या आसपास येते. घेतलेला श्वास मेंदूपर्यंत पोचायला काही सेकंद लागतात आणि तेवढ्यात दिवा विझतो. आधी वेदना नाही, घुसमट नाही, काहीच नाही.

आता यात मोठा मासा घाला. भाला लागल्यावर तो ओढतो, तुमच्या मांड्या जोर लावतात, हृदय धडधडतं, ऑक्सिजन झपाट्याने जळतो. वर थांबायला मन तयार नसतं, कारण एवढा मासा हातचा जाईल अशी धास्ती असते. म्हणजे दम सगळ्यात जास्त लागतो त्याच वेळी तो सगळ्यात कमी उरलेला असतो. मासा जितका मोठा, तितकं हे गणित वाईट. माझ्या साथीदाराला अनुभव कमी नव्हता, त्या दिवशी मासा मोठा होता.

म्हणून बुडी मारणारच असाल तर आधी फ्रीडायव्हिंगचा कोर्स करा, ज्यात बेशुद्ध माणसाला वर आणण्याचा सराव पाण्यात करून घेतात असाच. व्हिडिओ बघून ते हातात बसत नाही. जितका वेळ खाली होतात त्याच्या किमान दुप्पट वेळ वर विश्रांती घ्या, आणि मासा अडकलेला असताना तर घ्याच. वजन इतकंच बांधा की पृष्ठभागावर श्वास सोडल्यावरही तुम्ही तरंगलं पाहिजे. इथे लाटा उसळवतात म्हणून लोक एक-दोन पौंड जास्त लावतात. तेच वजन बेशुद्ध माणसाला तळाशी नेतं. पट्टा एका हाताने, एका झटक्यात सुटणारा हवा. गन किंवा दोरी स्वतःच्या अंगाला कधीही बांधू नका. दोरी वरच्या तरंगत्या बोयाला असू द्या, म्हणजे मासा बसला की गन सोडून वर येता येतं. मासा बोयाशी झुंजेल, तुम्ही श्वास घ्या. गन पाण्यात उतरल्यावरच ताणायची आणि बाहेर येण्याआधी उतरवायची. बोयावर लाल रंगावर तिरपी पांढरी पट्टी असलेला झेंडा लावा, कारण उन्हाळ्यात बोटवाल्यांना पाण्यातलं काळं डोकं दिसत नाही. आणि मारलेला मासा कमरेला लटकवून फिरू नका. सीलना 1972 च्या कायद्याने संरक्षण मिळालं, केप कॉडला त्यांची संख्या पुन्हा वाढली आणि त्यांच्यामागे मोठे पांढरे शार्क आले. तिथल्या वेलफ्लीटला 2018 मध्ये शार्कच्या हल्ल्यात एका तरुणाचा जीव गेला. रक्त गळणारा मासा लगेच बोटीत किंवा तराफ्यावर टाका.

तारकर्लीला स्कूबा शिकून आलेल्यांसाठी वेगळं सांगते. तिथे शिकवलेलं 'श्वास कधीही रोखू नका' हे स्कूबासाठी अगदी खरं आहे. दमाच्या बुडीत मात्र श्वास रोखावाच लागतो. पण इथे दम धरून गेल्यावर खाली कोणाच्या टाकीतून श्वास घ्याल आणि तो रोखून वर याल, तर तीच हवा वर येताना फुगून फुप्फुस फाडू शकते. आणि सकाळी स्कूबा करून दुपारी दमाच्या बुड्या मारू नका. अंगात नायट्रोजन शिल्लक असतो.

हे झालं माणसाचं. आता माशाचं, आणि मला हे तितकंच महत्त्वाचं वाटतं.

बास जन्मतो गोड्या पाण्यात, मुख्यतः चेसापीक उपसागराला मिळणाऱ्या नद्यांत, शिवाय हडसन आणि डेलावेअरमध्ये. वाढतो समुद्रात, आणि उन्हाळ्यात उत्तरेला आमच्याकडे येतो. 1970 च्या दशकाच्या शेवटी आणि 1980 च्या दशकात हा मासा इतका घटला की 1984 मध्ये अमेरिकेच्या काँग्रेसला त्याच्यासाठी वेगळा कायदा करावा लागला आणि मेरीलँडने 1985 ते 1990 पूर्ण बंदी घातली. बंदीने मासा परतला. पण 2019 मध्ये जाहीर झालेल्या पाहणीत तो पुन्हा प्रमाणाबाहेर पकडला गेल्याचं दिसलं, आणि तेव्हापासून चेसापीकमध्ये पिल्लांची भरही कमीच पडते आहे. पन्नास पौंडांचा बास म्हणजे जवळजवळ नेहमी मादी, सहसा पंधरा वर्षांच्या पुढची, एका हंगामात लाखो अंडी देणारी. म्हणून किनारी राज्यांच्या संयुक्त आयोगाने 2020 पासून वरचीही मर्यादा घातली, आधी 35 इंचांखाली आणि 2023 पासून 31. म्हणजे किनाऱ्यालगतच्या समुद्रात 28 ते 31 इंचांमधलाच एक मासा ठेवता येतो. तीन मैलांपलीकडच्या केंद्रीय हद्दीत बास पकडायलाच मनाई आहे. मेनसारख्या राज्यात तो फक्त गळाने धरता येतो. नियम बदलत राहतात, तेव्हा जायच्या आधी त्या वर्षीचे, त्या राज्याचे नियम वाचा.

तीन इंचांची ही खिडकी स्पिअरगनला परवडत नाही, आणि कारण डोळ्यांत आहे. मास्कमधून पाण्यात प्रत्येक वस्तू सुमारे एक तृतीयांश मोठी आणि एक चतुर्थांश जवळ दिसते. 24 इंचांचं पोर 32 चं भासतं. 28 चा मासा 37 चा वाटतो. त्यात गढूळपणा आला की मेंदू अंतराचा अंदाज उलट दिशेने चुकवतो. अनुभवी लोक मनात सूट धरतात, गनच्या नळीवर 28 आणि 31 च्या खुणा करतात. पण मासा नळीच्या पुढे असतो, तिच्याशेजारी नसतो. काठीवाला मासा आणतो, पट्टीवर ठेवतो, तोंड मिटवून शेपटी चिमटीत धरून मोजतो आणि बसला नाही तर सोडतो. भाल्याने मारलेल्याला सोडणं नाही. आधी मारायचं आणि मग मोजायचं, हे या माशाच्या बाबतीत मला आता पटत नाही. आणि ज्या मोठ्या बासच्या स्वप्नाने लोक स्पिअरगन घेतात, तो तर मारायचाच नाही.

पण काठी घेतली म्हणजे हात धुतले, असं मानू नका. सोडलेल्या बासपैकी सुमारे 9 टक्के नंतर मरतात असं धरून आयोग हिशेब करतो. टक्का लहान दिसतो, पण सोडले जाणारे मासे कोटींच्या घरात असतात. काही वर्षांत ठेवलेल्या माशांपेक्षा असे सोडून मेलेले मासे जास्त भरले आहेत. मोठा बास हलक्या दोरीवर तासभर खेळवण्यात शौर्य नाही, तो दमून मरतो. जाड दोरी, दणकट काठी घ्या आणि झुंज आटोपती ठेवा. जिवंत ईल किंवा कापलेलं आमिष लावत असाल तर सर्कल हुक लावा. 2021 पासून तो सक्तीचाच आहे. ओढ जाणवली की झटका देऊ नका, मासा वळू द्या, गळ आपोआप जबड्याच्या कोपऱ्यात बसतो. प्लग या कृत्रिम आमिषावरचे तीन टोकांचे गळ काढून एकेरी लावा आणि त्यांची उलटी नखी पकडीने दाबून टाका. मोठ्या माशाला नुसत्या जबड्याने उभं टांगून फोटो काढू नका, त्याचं सगळं वजन मणक्यावर येतं. पोटाखाली हात द्या, जमलं तर पाण्याबाहेर काढूच नका. सोडताना तोंड प्रवाहाकडे धरा आणि त्याने स्वतःहून हात झिडकारेपर्यंत थांबा. ऑगस्टमध्ये पाणी कोमट झालं की मी भर दुपारी बासमागे जात नाही. अशा पाण्यात ऑक्सिजन कमी असतो आणि सोडलेला मासा सावरत नाही.

काठीनेही मोठा मासा मिळतोच. 1913 साली कटीहंक परिसरात चार्ल्स चर्च यांनी गळाने धरलेला 73 पौंडी बास अनेक दशकं विक्रम म्हणून टिकला. 2011 च्या ऑगस्टमध्ये ग्रेग मायरसन यांनी कनेटिकटच्या किनाऱ्याजवळ 81 पौंड 14 औंसांचा मासा धरला, तो आजचा जागतिक विक्रम. आज तसा मासा लागला तर मोजून, फोटो काढून सोडावा लागेल, आणि काठीने ते शक्य आहे.

खडपावर उभं राहायचे धोके आपल्या कोकणी माणसाला नवे नाहीत, तरी ऱ्होड आयलंडमधल्या पॉइंट जुडिथच्या शेवाळावर रात्री आपली सवय कामाची नाही. बुटांना खिळे हवेत. वेडर घातला तर कमरेचा पट्टा आवळलेला हवा, नाहीतर पडल्यावर त्यात पाणी भरतं. अंगात फुगणारं जॅकेट असू द्या. उधाणाच्या दिवसांत आधी दहा-पंधरा मिनिटं कोरड्या जागी उभं राहून लाटांच्या मोठ्या झुंडी कुठवर येतात ते बघा, मगच जागा धरा. समुद्राकडे पाठ करून मासा सोडवत बसू नका.

स्पिअरगन मी विकलेली नाही. टॉटॉग आणि ब्लॅक सी बाससाठी ती काढते. ते मासे दगडांशी थांबतात, शांतपणे जोखायला वेळ देतात, दूरवर ओढून नेत नाहीत, आणि मी लहान किंवा सीमेवरचा वाटेल तो सोडून देते. सोबत कोणी नसेल त्या दिवशी गन घरी राहते. सोबती असेल तर उतरण्याआधी आम्ही एकमेकांना विचारतो : बेशुद्ध झालो तर काय करशील? उत्तर पाठ असावं लागतं. वजन सोड, तोंड वर धर, मास्क काढ, फुंकर, चापट, हाक, आणि तरी श्वास आला नाही तर तोंडाने श्वास द्यायला लाग. किनाऱ्यावर असाल तर 911, बोटीवर असाल तर रेडिओचा चॅनल 16. माणूस शुद्धीवर आला तरी त्या दिवशी पुन्हा पाण्यात नाही. छातीत पाणी गेलं असेल तर त्रास काही तासांनीही सुरू होतो. खोकला, धाप किंवा छातीत जडपणा असेल तर थेट इमर्जन्सीत न्या, आणि रात्री त्याला एकटं झोपू देऊ नका.