जुन्या जीप गाडीचा जीर्णोद्धार

आपल्या प्रांतांतील अनेक वाड्यांच्या पडवींत किंवा गोठ्याशेजारच्या छपराखालीं वडिलांच्या वेळची एखादी जीप धूळ खात उभी असते. ती भंगारांत घालावयास मन होत नाहीं, आणि कारखान्यांत न्यावी तर खर्चाचा अंदाज लागत नाहीं. ज्यास पंपाचें इंजिन उघडून पुन्हां जोडतां येतें, त्या शेतकऱ्यास हें काम घरीं करणें अशक्य नाहीं. मात्र कामाचा क्रम चुकला तर पैसा वायां जातोच, शिवाय कधीं प्राणावरही बेततें. बहुतेक ठिकाणीं आरंभ रंगापासून होतो. वस्तुतः तें सर्वांत शेवटचें काम होय. गाडी आधीं थांबली पाहिजे, मग वळली पाहिजे, मग चालली पाहिजे, आणि अखेरीस शोभली पाहिजे. पुढील विवेचन याच क्रमानें केलें आहे.

गाडीची ओळख.— दुसऱ्या महायुद्धांत अमेरिकेंतील विलीस-ओव्हरलँड व फोर्ड या कंपन्यांनीं लष्करासाठीं ही गाडी बनविली. १९४५ सालीं विलीस कंपनीनें 'सीजे-२ए' ही मुलकी जीप काढली, ती मुख्यतः शेतकऱ्यांस डोळ्यांपुढें ठेवून. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या कांहीं वर्षांतच महिंद्र आणि महिंद्र कंपनीनें मुंबईंत विलीस जीप जोडण्यास आरंभ केला. आपल्याकडे आढळणारी उंच बॉनेटची जीप ही १९५३ सालीं निघालेल्या 'सीजे-३बी' नमुन्याची असते. तिच्या २.२ लिटर पेट्रोल इंजिनाचे आंत घेणारे व्हॉल्व्ह वर हेडमध्यें आणि धूर सोडणारे खालीं ब्लॉकमध्यें असतात. त्यामुळें इंजिनाची उंची वाढली व बॉनेटही उंच करावें लागलें.

आरंभापूर्वीं कागदपत्रें.— चासीवरील व इंजिनावरील क्रमांक नोंदणीपुस्तकाशीं ताडून पाहावे. पुष्कळ गाड्यांत मागाहून डिझेल इंजिन बसविलेलें असतें. त्याची नोंद पुस्तकांत नसेल तर एक रुपयाही खर्च करण्यापूर्वीं ती बाब परिवहन कार्यालयांत मिटवावी. खाजगी गाडीची नोंदणी १५ वर्षांनंतर दर ५ वर्षांनीं नूतन करावी लागते. २०२१ सालच्या केंद्रीय नियमांनीं, ५० वर्षांहून जुन्या व मूळ स्वरूपांत राखलेल्या गाडीस 'विंटेज' म्हणून नोंदण्याची सोय केली आहे. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये व मुदत १० वर्षें आहे. परंतु अशी गाडी नित्याच्या वाहतुकीसाठीं रस्त्यावर आणतां येत नाहीं. ज्यास जीप रोजच्या कामास हवी आहे, त्यानें या सोयीच्या मोहांत पडूं नये.

पहिलें काम : थांबणें.— गाडी उचलून चासीखालीं भक्कम लांकडी ठोकळे द्यावे. नुसत्या जॅकच्या किंवा विटांच्या भरंवशावर गाडीखालीं कधींही शिरूं नये. या जीपचा हातब्रेक चाकांवर नसून ट्रान्सफर गिअरपेटीच्या मागें शाफ्टवर असतो. म्हणून मागचा शाफ्ट काढल्यावर हातब्रेक ओढूनही गाडी घरंगळते. चाकांस उटी लावावीच.

जुन्या जीपमध्यें चारी चाकांच्या ब्रेकांस एकच मास्टर सिलिंडर असतो. एक रबरी नळी फुटली कीं चारी ब्रेक एकदम जातात. म्हणून वर्षानुवर्षें पडून राहिलेल्या गाडीच्या रबरी नळ्या व सिलिंडरांतील सर्व रबरें, वरून चांगलीं दिसलीं तरी, बदलावीं. ब्रेकांत ब्रेकचेंच तेल घालावें. अडचणीच्या वेळीं इंजिनाचें तेल ओतण्याची संवय फार घातक आहे. त्यानें रबर फुगतें आणि ब्रेक निकामी होतात. ड्रमांतील जुन्या धुळींत ॲस्बेस्टॉस असूं शकतो व तो फुप्फुसांस अपायकारक आहे. ती धूळ फुंकून अगर हवेच्या झोतानें न उडवितां ओल्या फडक्यानें पुसावी.

दुसरें काम : वळणें.— पुढचें चाक अधांतरीं करून वरखालीं धरून हालवावें. खेळ आढळल्यास दुसऱ्या माणसानें ब्रेक दाबून धरावा. खेळ नाहींसा झाला तर दोष चाकाच्या बेअरिंगमध्यें आहे. तसाच राहिला तर किंगपिनांत आहे असें समजावें. नंतर चासी तारेच्या ब्रशानें घासून, पाटे जेथें टांगलेले असतात त्या जागा व स्टिअरिंगच्या पेटीजवळचा भाग तडे गेले आहेत काय हें पाहण्यासाठीं तपासावा. तेथें वेल्डिंग करावयाचें असल्यास ड्रायव्हरच्या बैठकीखालची पेट्रोलची टाकी आधीं काढून दूर ठेवावी. रिकाम्या टाकींतील वाफ भरल्या टाकीपेक्षां अधिक भयंकर असते.

तिसरें काम : चालणें.— पडून राहिलेलें इंजिन एकदम सुरू करूं नये. प्लग काढून प्रत्येक सिलिंडरांत चमचाभर तेल सोडावें, एक दिवस थांबावें, व गिअर मोकळा ठेवून हँडलनें हळूहळू फिरवावें. हँडल धरतांना अंगठा बोटांच्याच बाजूस ठेवावा. इंजिन उलट फिरलें तर मनगट वांचतें. जुनें पेट्रोल काढून टाकी व नळ्या साफ कराव्या. आजच्या पेट्रोलमध्यें २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतें. तें कांहीं अंशीं आपल्याच उसापासून होतें हें खरें. पण जुन्या रबरास तें मानवत नाहीं, व ओलावा शोषून टाकीस गंज आणतें. यासाठीं इथेनॉलला टिकणाऱ्या नळ्या व पंपाचा पडदा घालावा.

आतां चारचाकी जोराविषयीं. या जीपमध्यें पुढच्या व मागच्या शाफ्टांमध्यें डिफरेन्शियल नसतें; पुढचा जोर लावला कीं दोन्ही शाफ्ट एकाच वेगानें फिरतात. वळणावर तर पुढचीं चाकें मागच्यांपेक्षां अधिक अंतर कापतात. चिखलांत चाकें घसरून हा फरक भरून निघतो. डांबरी रस्त्यावर तो निघत नाहीं, आणि सर्व ताण दांत्यांवर व शाफ्टाच्या जॉइंटांवर पडतो. म्हणून पुढचा जोर ओल्या शेतांतच लावावा. याच कारणानें चारी टायर एकाच मापाचे व सारख्या झिजीचे असावे. पुढें नवे व मागें गुळगुळीत अशी काटकसर शेवटीं गिअरपेटीच्या मुळावर येते. गिअरपेटींत 'जीएल-४' प्रतीचें तेल घालावें. 'जीएल-५' तेलांतील गंधकयुक्त द्रव्यें आंतील पितळी भागांस अपाय करूं शकतात.

चौथें काम : शोभणें.— पत्रा कुजला असेल तेवढा कापून नवा जोडावा. गंजावर लांबी भरून रंग देणें म्हणजे कीड लागलेल्या वाशास चुना फासण्यासारखें आहे. गंज पूर्ण घासून, अस्तराचा रंग देऊन मगच वरचा हात द्यावा.

प्रत्येक भाग सोडवितांना चिठ्ठी लावून निराळ्या डब्यांत ठेवावा, व बदललेल्या वस्तूंची वहींत तारीखवार टीप करावी. पहिली चांचणी रिकाम्या गाडीनें, मंद गतीनें, सपाट शेतांत घ्यावी, रस्त्यावर नव्हे. हंगामाच्या मोकळ्या दिवसांत, एका वेळीं एकच भाग हातीं घेतला तर खर्चही एकदम अंगावर येत नाहीं. रंग देण्यास कितीही उशीर झाला तरी चालेल. परंतु ज्या गाडींत घरचीं मुलेंमाणसें बसणार, तिचे ब्रेक व स्टिअरिंग यांत कसूर राहतां कामा नये.