क्षयजंतूचे सूत आणि त्याचा राखणदार

शहापूर-वडगावच्या मागांचा आवाज आपणां हिंडलगेकरांस अपरिचित नाही. कांडीवर सूत नीट भरले असेल तरच धोटा सुरळीत धावतो; गुंता झाला की माग थांबतो. डोळ्यांना न दिसणाऱ्या जंतूंच्या देहातही असेच एक सूत असते. ते कसे राखले जाते, हे आज आपण पाहू.

मिरजेजवळील वानलेसवाडीच्या क्षयरुग्णालयाचे नाव आपल्या घरांतील वडीलधाऱ्यांनी ऐकलेले असते. ज्या जंतूमुळे हा क्षयरोग होतो, तो रॉबर्ट कॉख या जर्मन शास्त्रज्ञाने १८८२ साली जगापुढे मांडला. एका मिलिमीटरचे हजार भाग केले, तर त्यांतील दोन ते चार भागांएवढीच त्याची लांबी. परंतु त्याचे वंशगुण ज्यावर लिहिलेले आहेत, तो डी. एन. ए. नावाचा धागा उलगडला तर सुमारे दीड मिलिमीटर भरतो. म्हणजे जंतूच्या सुमारे ५०० पट! त्यावर अक्षरांच्या ४४ लाख जोड्या आहेत. हा संपूर्ण लेख १९९८ साली प्रसिद्ध झाला.

एवढा धागा एवढ्याशा देहात मावतो, तो काही प्रथिनांच्या साहाय्याने. त्यांपैकी एकाचे नाव एच. यू. त्याचे दोन भाग एकमेकांत गुंतलेले असून त्यांना दोन लवचिक बाहू असतात. धाग्यावर ऋण विद्युत्भार असतो, तर त्याला धरणाऱ्या बाहूंवर धन. म्हणून दोहोंत आकर्षण होते. मोकळे असता हे बाहू डोलत राहतात. धागा लाभला की त्याला कवटाळून स्थिरावतात. मात्र ही पकड कायमची नसते. लेखाचे वाचन व्हावयाचे, त्याची नक्कल निघावयाची, तर धागा वेळोवेळी सुटाही झाला पाहिजे. म्हणून प्रथिनाची नुसती आकृती जाणून भागत नाही. त्याची हालचालही जाणावी लागते.

या ज्ञानाचा उपयोग काय, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर आपल्याच राज्यात आहे. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील प्राध्यापक व्ही. नागराज व त्यांच्या सहकाऱ्यांनी क्षयजंतूच्या एच. यू. प्रथिनाचे स्फटिक करून क्ष-किरणांनी त्याच्या एका भागाची रचना उकलली. धागा जेथे धरला जातो, नेमके तेथेच बसतील असे लहान रेणू त्यांनी शोधले. पकड सुटली, धाग्याची घडी विस्कटली आणि जंतूंची वाढ मंदावली. हे संशोधन २०१४ साली प्रसिद्ध झाले.

हे प्रयोगशाळेतील यश आहे, औषध नव्हे. क्षयाची आज उपलब्ध असलेली औषधे वैद्यांनी सांगितलेल्या मुदतीपर्यंत घेतली, तर बहुतेक रोगी बरे होतात. ती मध्येच सोडली, तर त्यांना दाद न देणारे जंतू माजण्याचा धोका असतो. अशा जंतूंसाठी नवी शस्त्रे हवीत. आणि शस्त्र घडविण्यापूर्वी शत्रूचे मर्मस्थान ठाऊक हवे. ते शोधण्याचे काम अजून पुष्कळ उरले आहे. त्यात उद्या आपल्या शाळेच्या बाकांवरील कोणी हातभार लावावा, हीच आमची इच्छा.