वॉर्निंग गेल्यानंतरचं उत्तर

न्यूमेरिकल मेथड्सच्या प्रॅक्टिकलला मी मुलांना एक काम हमखास देतो. १९५१ ते २०११ या सात जनगणनांमधली महाराष्ट्राची लोकसंख्या घ्या, मॅटलॅबच्या ‘पॉलीफिट’ने वक्र बसवा आणि २०४१चा अंदाज सांगा. मॅटलॅबचा परवाना नसेल तर ऑक्टेव्ह घ्या. ते मोफत आहे आणि ही आज्ञा त्यातही आहे.

बिंदू सात, म्हणून बहुतेक जण सहावा घात घेतात. वक्र सातही बिंदूंतून जातो, आलेख देखणा दिसतो. पण मॅटलॅब वॉर्निंग देतं आणि पुष्कळ मुलं ती न वाचताच पुढे जातात. कृपा करून वाचा. एक्सच्या जागी इसवी सन जसंच्या तसं भरलेलं असतं. २००१चा सहावा घात २० अंकी येतो आणि डबल प्रिसिजनमध्ये अंदाजे १६ अंकच टिकतात. त्याहून मोठी अडचण अशी की १९५१ काय नि २०११ काय, शून्यापासून इतके दूर आहेत की त्यांच्या घातांचे स्तंभ जवळजवळ एकाच दिशेचे होतात. अशा मॅट्रिक्समधून आलेल्या सहगुणकांवर भरवसा ठेवता येत नाही.

उपाय सोपा आहे. पॉलीफिटकडून ‘म्यू’ हे तिसरं आउटपुट मागून घ्या, म्हणजे सनांमधून सरासरी वजा होते आणि प्रमाण विचलनाने भागलं जातं. मात्र पुढे ‘पॉलीव्हॅल’ला तिसऱ्या जागी रिकामा चौकोनी कंस आणि चौथ्या जागी तोच म्यू द्यावा लागतो. तो राहिला तर उत्तर भलतंच येतं, आणि त्याबद्दल कसलीही वॉर्निंग येत नाही.

“सर, वॉर्निंग गेली!” असं कुणी आनंदाने सांगतं, तेव्हा मला खरी काळजी वाटते. कारण आता हिशेब अगदी बिनचूक होतो आणि २०४१ची लोकसंख्या निघते ४० कोटींच्या आसपास! २०११ला ती ११ कोटी २४ लाख होती. तीस वर्षांत साडेतीनपट? एका गटाने हा आकडा दशांशासह रिपोर्टात छापून आणला होता. आकडेमोड डळमळीत असेल तर सॉफ्टवेअर सांगतं; प्रश्नच चुकीचा विचारलाय, हे त्याला कळत नाही.

म्हणून मी मुलांना २०११चा आकडा झाकायला लावतो. उरलेल्या सहा बिंदूंवर पाचवा घात बसवला की २०११साठी १० कोटी १९ लाखांच्या आसपास येतात, म्हणजे जवळपास एक कोटी माणसं गायब. साधा दुसरा घात ११ कोटी ७८ लाखांजवळ जातो. चूक त्यातही आहे, पण अर्धीच. सहा बिंदूंतून तंतोतंत जाणारा वक्र सातव्याला इतका चुकतो, हे एकदा डोळ्यांनी पाहिलं की घात वाढवण्याचा मोह आपोआप आवरतो.

हे सगळं कमांड विंडोत टाईप करू नका, स्क्रिप्टमध्ये लिहा. रिपोर्ट देण्याआधी ‘क्लिअर’ करून ती पहिल्या ओळीपासून चालवा, नाहीतर मेमरीत राहिलेला मघाचा म्यू नव्या सहगुणकांना चिकटतो. आणि रिपोर्टात २०४१च्या आकड्याशेजारी २०११ची झाकून केलेली चाचणीही छापा, तिच्यातल्या चुकीसकट.