इंग्रजी शब्दांचे कूळ आणि वर्गातील अध्यापन

इयत्ता पाचवीतील विद्यार्थी 'नाइफ' हा शब्द फळ्यावर लिहू लागला, की बहुधा 'एन' या अक्षरापासून प्रारंभ करतो. शिक्षक त्यावर फुली मारतात व आरंभी 'के' लिहावयास सांगतात. 'के'चा उच्चारच होत नसेल, तर तो लिहावयाचा कशासाठी, हा विद्यार्थ्याचा प्रश्न रास्त असतो. 'इंग्रजीत असेच असते, पाठ करा' या उत्तराने प्रश्न मिटतो, परंतु समाधान होत नाही. असे उत्तर वारंवार मिळाले म्हणजे ही भाषा आपल्या आवाक्याबाहेरची आहे, ही समजूत मुलाच्या मनात घर करते. वस्तुतः उणीव त्याच्या बुद्धीत नसते. शब्दाचा इतिहास त्यास कोणी सांगितलेला नसतो, एवढेच. महाराष्ट्रात २००० सालापासून इंग्रजीचा प्रारंभ पहिल्या इयत्तेपासून झालेला असल्याने हा इतिहास प्राथमिक शिक्षकास ठाऊक असणे अगत्याचे आहे.

शब्दसंपत्तीचे थर

इसवी सनाच्या पाचव्या शतकात अँगल, सॅक्सन व ज्यूट या जर्मानिक टोळ्या ब्रिटनमध्ये येऊन वसल्या. त्यांची बोली हा इंग्रजीचा पाया होय. हाउस, वॉटर, हँड, मदर हे नित्याच्या व्यवहारातील शब्द या पहिल्या थरातील आहेत. आठव्या शतकाच्या अखेरीपासून स्कँडिनेव्हियातील लोकांच्या स्वाऱ्या सुरू झाल्या; पुढे त्यांतील अनेकजण तेथेच स्थायिक झाले. स्काय, एग, विंडो, इतकेच नव्हे तर 'दे' हे सर्वनामही त्यांच्याकडून आले. आरंभी उल्लेखिलेला 'नाइफ' हा शब्दही त्यांचाच.

१०६६ साली नॉर्मंडीचा ड्यूक विल्यम याने इंग्लंड जिंकले आणि राजदरबारात फ्रेंच भाषा आली. जज, कोर्ट, गव्हर्नमेंट हे कारभाराचे शब्द फ्रेंचमधून आलेले आहेत. मेंढीस 'शीप' हा जुना शब्द राहिला. तिच्या मांसास मात्र फ्रेंचमधील 'मटन' हे नाव रूढ झाले. तोच शब्द पुढे मराठीत 'मटण' म्हणून आला. धर्म व विद्या यांच्या द्वारे लॅटिन आणि ग्रीक शब्दांचीही भर पडली. 'स्कूल' हा शब्द मूळचा ग्रीक असून त्याचा आद्य अर्थ 'फुरसत' असा आहे, हे ऐकून मुले खचित हसतील आणि शब्दही लक्षात ठेवतील.

लेखन व उच्चार यांतील अंतर

१४७६ साली विल्यम कॅक्स्टन याने इंग्लंडमध्ये पहिला छापखाना घातला. छपाईमुळे शब्दांचे लेखन हळूहळू स्थिर होत गेले; उच्चार मात्र बदलत राहिले. 'नाइफ'मधील 'के' व 'नाइट'मधील 'जी-एच' ही अक्षरे एके काळी उच्चारली जात. उच्चार लोपला, अक्षर उरले. काही अक्षरे याहून वेगळ्या कारणाने आली. ऋण या अर्थाचा 'डेट' हा शब्द फ्रेंचमधून आला, तेव्हा त्यात 'बी' नव्हता. 'डेबिटम' हे त्याचे लॅटिन मूळ दिसावे म्हणून विद्वानांनी तो मागाहून घातला.

उसनवारी आणि नाते

दोन भाषांतील शब्द सारखे दिसण्यास उसनवारी हे एक कारण असते. आपली 'शर्करा' फारसी, अरबी, लॅटिन व फ्रेंच यांच्या वाटेने जाऊन इंग्रजीत 'शुगर' झाली. मराठी 'मुंगूस' पोर्तुगीजांमार्फत 'मंगूस' झाले. उलटपक्षी बटाटा, पाव, चावी हे शब्द मराठीने पोर्तुगीजांकडून घेतले.

दुसरे कारण नात्याचे. २ फेब्रुवारी १७८६ रोजी कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीपुढे सर विल्यम जोन्स यांनी संस्कृत, ग्रीक व लॅटिन या भाषा एकाच मूळ भाषेपासून निघाल्या असाव्यात, असे प्रतिपादन केले. इंग्रजीही त्याच कुळातील आहे. पुढे १८२२ साली याकोब ग्रिम यांनी जर्मानिक भाषांतील वर्णबदलांची नियमबद्धता दाखवून दिली. संस्कृतातील 'प'च्या जागी इंग्रजीत 'फ' येतो : पितृ–फादर, पाद–फुट, पूर्ण–फुल. 'त'च्या जागी 'थ' येतो : त्रि–थ्री, तनु–थिन, तृषा–थर्स्ट. 'द'च्या जागी 'ट' येतो : द्वि–टू, दश–टेन, दंत–टूथ. हे शब्द कोणी कोणाकडून घेतलेले नाहीत. ती एका घराण्यातील चुलत भावंडे आहेत.

मात्र केवळ ध्वनिसाम्यावरून नाते जोडू नये. फारसी 'बद' व इंग्रजी 'बॅड' यांचा अर्थ एक, उच्चारही जवळचा; तरी त्यांचा परस्परसंबंध नाही. 'पेन' व 'पेन्सिल' यांची मुळेही निराळी आहेत : पहिल्याचा मूळ अर्थ पीस, दुसऱ्याचा लहान कुंचला.

वर्गात करावयाचे काम

१. नवा शब्द एकटा न देता शक्य तेथे जोडीने द्यावा. तीन अंक शिकविताना 'त्रि' व 'थ्री' शेजारी लिहावेत.

२. अनुच्चारित अक्षर आले, की त्याची हकिगत एका वाक्यात सांगावी. व्याख्यान देऊ नये.

३. घरात, शेतात व बाजारात ऐकू येणाऱ्या परभाषिक शब्दांची यादी मुलांकडून करवून घ्यावी. शब्द घेतल्याने कोणतीही भाषा हीन ठरत नाही, हे त्यांस आपोआप उमजेल.

४. ज्या शब्दाचे मूळ ठाऊक नाही, ते कोशात पाहून दुसऱ्या दिवशी सांगावे. तर्काने सांगू नये.

इतिहास सांगितल्याने पाठांतर व सराव यांची गरज संपत नाही. परंतु पाठ करावयाच्या गोष्टीस अर्थ लाभतो. 'नाइफ' हा शब्द 'एन'ने लिहिणारा मुलगा जसे ऐकतो तसे लिहितो. त्याचा कान बरोबर आहे, हे शिक्षकाने त्यास प्रथम सांगावे, आणि मग त्याच्या हाती खडू देऊन 'के' लिहवून घ्यावा.